टाकीवरचा चिमटा

"तुमच्याकडे तेल कोण घालतं, साहेब?" असं जेटीवरच्या मिस्त्रीने फोनवर विचारलं तेव्हा तो ऑफिसात एका चेपलेल्या गाडीचे फोटो बघत बसला होता. प्रश्न साधा होता, पण त्याचा हात माउसवरच थबकला आणि तुटलेला बंपर पडद्यावर तसाच मोठा होऊन राहिला. मिस्त्री उत्तरासाठी थांबणारा माणूस नव्हता. तो सांगत सुटला, की होडीचं इंजिन उघडून बघितलं, आत काही म्हणजे काही बिघडलेलं नाही, कॉइल ठीक, दाब ठीक. प्लग मात्र तेलाने आणि काजळीने असे माखलेत की ठिणगी पडणार कुठून. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरलं तर त्यात तेल सरळ दुप्पट. या जातीच्या इंजिनाला तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं, दहा लिटरला दोनशे मिली, आणि इथे चारशे पडतंय, तेही एखाद्या वेळी नाही, कित्येक महिने. दोन नवे प्लग, कार्बोरेटरची सफाई आणि ताजं पेट्रोल, एवढ्यात काम झालं असतं. "काकांना विचारलं मी, तुमच्या वडिलांना," तो म्हणाला. "सकाळपासून इथंच बसलेत. ते म्हणाले, माझ्याच हातून दोनदा पडत असणार, वय झालं. आणि म्हणाले, आता विकूनच टाक सगळं. पाच वाजता एक गिऱ्हाईक येतंय होडी बघायला. तुमचं काय म्हणणं?"

"मी बघतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि ठेवल्याक्षणी त्याला स्वतःची चीड आली. 'मी बघतो' हे तो दिवसातून वीस वेळा म्हणायचा, ज्यांचे विम्याचे दावे नामंजूर होणार हे त्याला आधीच ठाऊक असायचं त्या लोकांना. वास्तविक मिस्त्रीला सांगायचं वाक्य चारच शब्दांचं होतं. दुसऱ्यांदा तेल मी घालतो. शब्द जिभेवर आलेसुद्धा होते. पण शेजारच्या टेबलावरची बाई स्टेपलरमध्ये पिना भरत होती, पलीकडे कुणीतरी चहाचा हिशेब करत होतं, आणि इतक्या लोकांत आपण बापाच्या पाठीमागे सात महिने काय केलं हे कसं बोलायचं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. हेही खरं नव्हतं. ऑफिस रिकामं असतं तरी तो 'मी बघतो'च म्हणाला असता. त्याने पडद्यावरचा बंपर लहान केला, पुन्हा मोठा केला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

वडिलांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या आधी मुख्य बटण बंद करायचं आणि त्यावर आपली पाटी अडकवायची, 'माणूस आत आहे'. ती पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. मालक येवो, साहेब येवो, दुसऱ्या कुणी तिला बोट लावायचं नाही. लहानपणी त्याने जेवताना ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती, की शाळेतल्या कवितांपेक्षा त्याला तीच जास्त पाठ होती. निवृत्त झाल्यावर वडिलांनी जमवलेल्या पैशांतून जुनी होडी आणि तिच्या मागे लावायचं इंजिन घेतलं, तेव्हा पाटीची जागा लाकडी चिमट्याने घेतली. कपडे वाळत घालायचा साधा चिमटा. शनिवारी संध्याकाळी खाली पार्किंगमधल्या जाळीच्या कपाटातून टाकी काढायची, पेट्रोल भरायचं, मापाने तेल ओतायचं, टाकी हलवायची आणि तिच्या मुठीला चिमटा लावायचा. चिमटा आहे म्हणजे तेल पडलं आहे. पुढच्या शनिवारी नवं पेट्रोल ओतायच्या आधी चिमटा काढायचा. यात चुकायला जागाच नव्हती. आणि नेमकी या बिनचूक व्यवस्थेत त्याने दर शनिवारी, वडील वर आंघोळीला गेले की, खाली उतरून आणखी दोनशे मिली ओतलं होतं. चिमटा जागचा हलू नये म्हणून टाकी एका बाजूने जपून धरायची, झाकण हळू फिरवायचं. चोराला जमणार नाही अशा सफाईने त्याने ते केलं होतं, आणि वर जाताना त्याला आपण फार चांगला मुलगा आहोत असंही वाटायचं. याची आता त्याला शिसारी आली.

सुरुवात कुठून झाली ते त्याला पक्कं आठवत होतं. एका सकाळी वडील वर्तमानपत्र आणायला खाली गेले आणि बराच वेळ आले नाहीत. तो शोधायला निघाला तर वडील तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या घराच्या बरोबर खालच्या दारापाशी उभे राहून कुलपात किल्ली फिरवत होते. घर चौथ्या मजल्यावर. वडील त्याला बघून हसले, किल्ली बघितली, दारावरची पाटी बघितली आणि म्हणाले, लिफ्ट थांबली म्हणून उतरलो. एवढंच. उभ्या आयुष्यात इमारतीचा मजला नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस चुकीच्या मजल्यावर उतरला, हे त्याच्या छातीत रुतून बसलं. लिफ्ट तिसऱ्यावर कुणी थांबवली होती का, खालच्या माणसाने बटण दाबून ठेवलं होतं का, हे विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. दाव्याचा फॉर्म हातात आल्यावर तो आधी खोट शोधायचा आणि मग माणूस. घरीही त्याने तेच केलं. पुढच्या आठवड्यात वडिलांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. त्यापुढच्या आठवड्यात चष्मा फ्रीजवर सापडला. तिसऱ्या शनिवारी तो टाकीसमोर उभा राहिला आणि मुठीवरच्या चिमट्याकडे बघून त्याच्या मनात आलं, की चिमटा लावायचं लक्षात राहिलं पण तेल घालायचं राहिलं असेल तर? बिनतेलाचं इंजिन दहा मिनिटांत जाम होतं. तलावाच्या मध्यावर. वडिलांना पोहता येतं, पण बहात्तराव्या वर्षी किती? वर जाऊन "बाबा, तेल घातलंत ना?" एवढं विचारलं असतं तर भागलं असतं. विचारणं त्याला अपमान वाटला. न विचारता ओतणं वाटलं नाही.

आणि मग इंजिन सुरू व्हायला त्रास देऊ लागलं. पूर्वी वडील पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दोनदा दाबायचे, चोक ओढायचे, दोरीला एक हलका झटका आणि एक जोराचा, की इंजिन सुरू. आता पाच झटके लागायला लागले, मग दहा. वडिलांचा खांदा धरला म्हणून दोरी त्याच्या हातात आली, आणि त्याच्या रविवारची वाट लागली. उजवा पाय होडीच्या कडेला रोवायचा, दोरी ओढायची, इंजिन एकदा ढेकर द्यायचं आणि गप्प. पुन्हा ओढायची. फुगा दाब, चोक आत, चोक बाहेर, जरा थांब, पेट्रोल जास्त झालं असेल. पुन्हा. विसाव्या झटक्याला हाताच्या बोटांवर वळ उठायचे, शर्ट पाठीला चिकटायचा आणि जेटीवर फुकटचे सल्लागार गोळा व्हायचे. कुणी म्हणायचं पाणी गेलंय, कुणी म्हणायचं हे मॉडेलच भिकार. एका गळ टाकून बसलेल्या गृहस्थाने तर झटके मोठ्याने मोजायला सुरुवात केली होती. सुरू झालंच तर निळसर धुराचा असा लोट निघायचा की गृहस्थाची बायको पदर नाकाला लावायची. धूर बघून तो मनाशी म्हणायचा, म्हातारं झालं इंजिन. स्वतः ओतलेलं तेल स्वतःच्या डोळ्यांसमोर जळत होतं आणि त्याला त्यात इंजिनाचं वय दिसत होतं.

त्याने तीन ठिकाणी अंदाज काढले होते. पहिल्याने न उघडताच कॉइल बदलायला सांगितली. दुसरा म्हणाला कार्बोरेटर नवा बसवा, पण मजुरी धरून जेवढं होईल तेवढ्यात वापरलेलं दुसरं इंजिन मिळेल. तिसरा शोरूममधला टाय लावलेला पोरगेला विक्रेता, त्याने तर जुन्या इंजिनाचं नाव ऐकूनच मान हलवली आणि नव्या इंजिनाचं चकचकीत पत्रक पुढे सरकवलं. तिन्ही कागद त्याच्या पाकिटात घडी करून होते. ऑफिसात यासाठी नियम होता: दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाऊणपटीवर गेला की गाडी भंगारात काढायची, मालक कितीही रडला तरी. हा नियम लावून त्याने शेकडो गाड्या मोडीत काढल्या होत्या आणि एकदाही त्याची झोप उडाली नव्हती. इंजिन सरळसरळ नियमात बसत होतं. जेवताना त्याने वडिलांना तसं सांगितलं, आकडे मांडून, समजावणीच्या सुरात. आणि सांगता सांगता त्याच सुरात हेही सांगितलं, की नाहीतरी आता पाण्यावर जाणं तुमच्यासाठी ठीक नाही. वडील भाताचा घास हातात धरून ऐकत राहिले. त्यांनी एवढंच म्हटलं, की एकदा उघडून बघू दे कुणालातरी, न उघडता मोडीत काढू नकोस. म्हणून हा जेटीवरचा मिस्त्री. नाहीतर आज हा फोनही आला नसता आणि तो सुखाने चांगला मुलगा राहिला असता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो निघाला तेव्हा साडेतीन होत आले होते. साहेबाने कारण विचारलं, त्याने वडील एवढाच शब्द सांगितला आणि साहेबाने लगेच चेहरा गंभीर केला, त्याचाही त्याला राग आला. गाडीत बसल्यावर त्याने बायकोला फोन करून सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी आधी सांगून बघायचं होतं. मग तिने विचारलं, की शनिवारी टायरची हवा बघायला म्हणून खाली जायचास ते हेच का. तो हो म्हणाला. "म्हणजे बाबांचाही दावा नामंजूर करून मोकळा झालास," ती म्हणाली, आणि त्यात चेष्टा होती तरी त्याला हसू आलं नाही. पुढच्या सिग्नलला गाड्यांची रांग लागली होती. बाजूच्या दुकानात एक माणूस शिडीवर चढून ट्यूब बदलत होता, आणि खाली उभा असलेला दुसरा बटणावर हात ठेवून, त्याच्याकडे लक्ष ठेवून होता. हिरवा दिवा लागला, मागच्याने हॉर्न वाजवला, तरी तो त्या हाताकडेच बघत होता.

खरी बोच गेल्या रविवारची होती. एकतीस झटके झाले होते, गळवाला गृहस्थ बत्तिसाव्याची वाट बघत होता, आणि वडील मागे फळीवर बसून हळू आवाजात म्हणाले, चोक अर्धा करून बघ. सकाळपासून ते हे पाचव्यांदा म्हणत होते. त्याच्या डोक्यात काहीतरी फुटलं. दोरीची मूठ त्याने होडीत आपटली आणि सगळ्या जेटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाबा, तेल नक्की घातलं होतंत का? नीट आठवून सांगा." त्याने विचारलं हे. त्याने, ज्याने आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने ओतलं होतं. वडिलांनी आधी टाकीवरच्या चिमट्याकडे बघितलं. मग सगळे लोक बघत होते तिकडे बघितलं. मग पुन्हा चिमट्याकडे. "घातलं असेल," ते म्हणाले. असेल. तोपर्यंत त्यांच्या तोंडून या बाबतीत असेल हा शब्द कधी निघाला नव्हता, आणि तो ऐकून त्याला, आता हे लपवण्यात अर्थ नाही, आपलं निदान बरोबर निघालं याचं समाधान झालं होतं. तापलेल्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या बसल्या त्याला ते समाधान जसंच्या तसं आठवलं.

जेटीवर पोचला तेव्हा साडेचार वाजले होते. इंजिन लाकडी घोडीवर टांगलेलं होतं, झाकण काढलेलं, शेजारी फडक्यावर जुने प्लग, कोळशात बुडवून काढल्यासारखे काळे. मिस्त्री गुडघ्यावर बसून कार्बोरेटर जोडत होता. विकायचंच आहे तर चालू करून विकू, दोन पैसे जास्त येतील, असं तो मान वर न करता म्हणाला. वडील पलीकडे उलट्या घातलेल्या डब्यावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, गिऱ्हाईक येणार म्हणून. मांडीवर रिकामी टाकी होती आणि मुठीला चिमटा नव्हता; तो त्यांच्या हातात होता आणि त्याची स्प्रिंग ते अंगठ्याने दाबत होते, सोडत होते. मुलाला बघून त्यांनी सरकून जागा केली, जणू डब्यावर दोघं मावणार होते. ऑफिस लवकर सुटलं का, असं विचारलं. त्याने रस्ताभर तीन प्रकारे वाक्य बसवलं होतं, तिन्ही विसरला.

"बाबा, दुसऱ्यांदा तेल मी घालत होतो."

वडिलांनी चिमटा दाबायचं थांबवलं. कधी, असं त्यांनी विचारलं. दर शनिवारी, तुम्ही आंघोळीला गेलात की, असं तो म्हणाला. मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि एकदम पाणी प्यायला उठून गेला.

"चिमटा असताना?"

"चिमटा असताना."

वडील हसले. असं हसले की त्याला सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोपटला. "तू लहानपणापासून असाच," ते म्हणाले. "आईच्या हातून काही फुटलं की पुढे येऊन मीच फोडलं म्हणायचास. मला सावरायला खोटं बोलू नकोस रे. माझ्या घरात चिमटा असताना टाकीला हात लावणारं कुणी नाही."

त्याने परोपरीने सांगितलं. तिसरा मजला, किल्ली, चष्मा, काळजी. वडील मान डोलवत ऐकत होते आणि एक अक्षर त्यांना पटत नव्हतं हे दिसत होतं. आपलं डोकं चालत नाही हे त्यांनी पत्करलं होतं. आपला मुलगा पाटी लावलेल्या बटणाला हात लावतो हे पत्करायची त्यांची तयारी नव्हती. त्याला ओरडावंसं वाटलं. सात महिने खोटं वागलो तेव्हा कुणाला संशय आला नाही आणि आज खरं बोलतोय तर बाप लाड करतोय. शेवटी तो उठला, गाडीकडे गेला, डिकीतल्या सुट्या चाकाच्या खळग्यात फडक्यात गुंडाळलेली तेलाची बाटली होती ती घेऊन आला आणि वडिलांच्या हातात दिली. बाटली निम्म्यावर आली होती. बाजूला त्यानेच पेनाने दोनशे-दोनशेच्या खुणा केल्या होत्या, बारीक, नेमक्या, ऑफिसात फॉर्मवर करतो तशा.

वडिलांनी चष्मा लावून लेबल वाचलं. खुणांवरून बोट फिरवलं. अक्षर ओळखीचं होतं. पाण्यावर कुठल्याशा होडीचं इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि लांब गेलं.

"म्हणजे मी विसरत नव्हतो," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"मिस्त्रीने सकाळी विचारलं ना, तेव्हा मला आठवलं. दुसऱ्यांदा घातल्याचं. स्वच्छ आठवलं. झाकण उघडतोय, मापात ओततोय, खाली पार्किंगमधला दिवा लुकलुकतोय." त्यांनी बाटली त्याच्याकडे परत दिली. "मग ते काय होतं?"

त्याने क्षमा मागितली, आणि ती मागताना त्याला कळत होतं की विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. वडील रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. मिस्त्री परत आला तेव्हा त्यांनी त्याला गिऱ्हाईकाला नको म्हणून कळवायला सांगितलं, आणि दुरुस्तीचे किती झाले ते विचारलं. मिस्त्रीने सांगितलेला आकडा त्याच्या पाकिटातल्या कुठल्याही कागदावरच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नव्हता. त्याने पैसे देताना ते तीन कागदही बाहेर आले, ते त्याने चुरगळून खिशात कोंबले.

टाकीत ताजं पेट्रोल पडलं. वडिलांनी मापात तेल ओतलं, दोनशेच्या रेषेपर्यंत. ओतताना थेंबभर बाहेर सांडलं, ते त्यांनी फडक्याने टिपलं. टाकी हलवली, मुठीला चिमटा लावला. तो दोन पावलं मागे, हात पाठीशी धरून उभा होता, आपण कशालाही शिवत नाही हे दिसावं म्हणून. इंजिन होडीला चढवून मिस्त्रीने नळी जोडली, आणि मुलगा दोरी घेऊन सवयीने पाय रोवून उभा राहिला. पहिल्या झटक्याला इंजिन खोकलं. दुसऱ्याला सुरू झालं, आणि धूरही फारसा नाही, नुसता एकसारखा आवाज. गळवाल्या गृहस्थाने मान वळवून बघितलं आणि निराश होऊन पुन्हा पाण्याकडे वळला. सात महिन्यांचे झटके, वळ, तीन अंदाज, जेवताना मांडलेले आकडे, हे सगळं इतकं क्षुल्लक होतं याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला दोरीची मूठ पुन्हा आपटावीशी वाटली.

वडील मागे बसले, सुकाणूचा दांडा हातात घेतला, आणि नेहमीसारखी पंपघरापर्यंत एक फेरी मारायला होडी वळवली. जेटी मागे पडली. वाऱ्याने त्यांचा इस्त्रीचा शर्ट फुगला. ते पुढे बघत होते, चेहऱ्यावर जुना रविवार येतो की काय असं त्याला वाटलं. मग त्यांनी इंजिनाचा वेग कमी केला आणि थोडे पुढे झुकले.

"तेल पडलंय ना?" त्यांनी विचारलं.

टाकी दोघांच्या मध्ये होती आणि चिमटा तिच्या मुठीवर होता. वडिलांनी चिमट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मुलाच्या तोंडाकडे बघत होते.

"पडलंय, बाबा. तुम्हीच घातलंत. मी बघत होतो."

त्यांनी मान डोलावली आणि वेग वाढवला. पंपघर येईपर्यंत त्यांनी तेच आणखी दोनदा विचारलं.